ओटीतला नारळ आणि पान दोनची चौकट

आमच्या पेपरात सगळ्यात जास्त वाचली जाणारी जागा कुठली, असं कुणी विचारलं तर आमचे संपादक अग्रलेखाकडे बोट दाखवतील. दाखवू देत. या वयात माणसाला कशाचा तरी आधार लागतो. खरं सांगायचं तर ती जागा पान दोनवर, खाली उजव्या कोपऱ्यात आहे. काडेपेटीएवढी चौकट, वर नाव 'दुरुस्ती', आणि आत आदल्या दिवशी आम्ही काय माती खाल्ली त्याची कबुली. ही चौकट गेली बारा वर्षं मी लिहिते आहे. माती खाणारीही बहुतेक वेळा मीच असते, त्यामुळे विषयाचा अभ्यास दांडगा आहे.

मी मुद्रितशोधक. छापण्याआधी सगळा मजकूर वाचून चुका पकडणारी बाई. तरुणपणी मी डोंबिवलीत एकांकिका करायचे. स्पर्धेत मला दर वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस मिळायचं. इतकी वर्षं उत्तेजन देऊनही मी पुढे सरकत नाही हे परीक्षकांच्या लक्षात आलं तेव्हा मी रंगभूमी सोडली आणि कल्याणच्या या चार पानी सांजदैनिकात लागले. पेपर दुपारी छापून चार वाजता स्टेशनबाहेर येतो. तेव्हापासून माझं नाटक ऑफिसातच चालतं आणि प्रेक्षक पळून जाऊ शकत नाहीत.

दुरुस्तीचा नियम संपादकांनी घालून दिलेला. चूक झाली की दुसऱ्याच दिवशी, त्याच जागी, आडपडदा न ठेवता छापायची. आणि पेपरात ज्याच्याविषयी आलं त्याला हरकत असेल तर त्यालाही तीच चौकट मिळणार, त्याच्या शब्दांत, त्याच्या सहीनं. या चौकटीचा दरारा काय आहे ते मला पाण्यामुळे कळलं. एका सोमवारी मी 'उद्या पाणी बंद' अशी बातमी जाऊ दिली. पाणी त्याच्या पुढच्या मंगळवारी बंद राहणार होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये लोकांनी पिंप, बादल्या, पातेली, एकानं तर मुलाचा टब भरून ठेवला. मंगळवारी नळ धो धो वाहत होता. पण कुणी एक तांब्या ओतला असेल तर शपथ! "नळाचं काय घेऊन बसलात, पेपरात आलंय," असं शेजारीण मलाच सांगत होती. संध्याकाळी दुरुस्ती आली. तेव्हा कुठे सगळ्यांनी पिंपं रिकामी केली आणि जिना तीन मजले धुऊन निघाला. नळावर विश्वास नव्हता, चौकटीवर होता.

संपादकांना सगळे सर म्हणतात, कारण पेपर काढण्यापूर्वी ते कल्याणातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. लाल पेन वापरायचं नाही, फक्त धाक म्हणून ठेवायचं. निवडणूक लागली की शहरातल्या देवांना अचानक कामं लागतात, आणि त्यामुळे सरांनाही. कुणी मतदारांना तीर्थयात्रेच्या बसमध्ये घालतो, कुणी महाआरती मांडतो, कुणी चादर चढवून फोटो काढतो. सर प्रत्येकावर लिहायचे, कुणाला वगळायचे नाहीत. त्यामुळे प्रत्येक पक्षाची खात्री होती की हे दुसऱ्या पक्षाचे आहेत.

सरांचं देवाशी भांडण नव्हतं. दर चतुर्थीला ते बायकोला स्कूटरवरून टिटवाळ्याला न्यायचे आणि बाहेर तिच्या चपला सांभाळत पेपर वाचत बसायचे. प्रसाद मात्र घ्यायचे नाहीत. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "बाई, देवाला मताचं काय करायचंय? यादीत त्याचं नाव तरी आहे का? मग त्याच्या नावानं दुसरा का मागतो?"

आता मावशी.

मावशी आमच्या ऑफिसात दोन वेळा चहा आणायच्या, झाडायच्या, आणि चारचा पेपर आला की पहिला अंक उचलून थेट पान दोन उघडायच्या. चौकट मोठ्यानं, अक्षर अक्षर जुळवत वाचायच्या. संपली की पेपर खाली घेऊन माझ्याकडे बघायच्या. बोलायच्या काही नाहीत. बारा वर्षांत एवढी कडक समीक्षा मला कुठल्या परीक्षकानं दिली नाही. मावशी मोहन्याच्या. जुन्या कारखान्याजवळच्या चाळीत त्यांची चाळीस वर्षं गेली होती, नवरा तिथेच कामाला होता, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. एक मुलगी, टिटवाळ्याला दिलेली, तिला आठवा महिना लागलेला. मावशींचं सगळं जग त्या आठव्या महिन्याभोवती फिरत होतं.

दुपारी जेवताना मावशींच्या डब्यातली ओल्या खोबऱ्याची चटणी मी हक्कानं पळवायचे. संक्रांतीनंतर आठवडाभर डब्यात चटणी दिसली नाही. शेंगदाण्याची आली, लसणाची आली.

"मावशी, नारळ महाग झाला का?"

"घरात आहे ना नारळ."

"मग?"

"तो फोडायचा नाही."

त्यांनी तोंडातला घास संपवला, डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग सांगितलं.

त्यांच्या प्रभागातून जे गेल्या खेपेला नगरसेवक होते तेच यंदा पुन्हा उभे होते. चाळीत त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंच्या पत्नीनं हळदीकुंकू ठेवलं. मांडव, गजरे, वाणाला स्टीलचा डबा, तोही झाकणाला रबर असलेला, चांगल्यातला. गावाकडच्या देवीचा मुखवटा आणून मध्ये मांडलेला. सगळ्याच बायकांची, मावशींसारख्या विधवांचीसुद्धा, ओटी भरली, तांदूळ, खण, नारळ. इथपर्यंत छान चाललं होतं. मग एक जण माइक घेऊन म्हणाली, 'भगिनींनो, ओटीतला नारळ दोन्ही हातांत घ्या, देवीकडे तोंड करा आणि माझ्यामागून म्हणा.' बायकांनी म्हटलं. आमचं मत भाऊंना. आई, साक्ष तू आहेस.

"तुम्ही पण म्हटलंत?"

"शेजारची म्हणाली, तिच्या शेजारची म्हणाली. गप्प राहणार कशी? आणि ओटीतला नारळ कुणी परत करतं का?"

"अहो, मग मत द्या भाऊंना. नाहीतर नका देऊ. कोण बघणार आहे?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी उत्तेजनार्थवाली आहे हे त्यांना त्या क्षणी पटलेलं असावं.

"बघणारीच्या तोंडावर म्हटलंय गं. मला दुसऱ्याला द्यायचंय मत, माझं ठरलंय कधीचं. पण पोरीचे दिवस भरत आलेत. माझं बोलणं माझ्यावर उलटलं तर उलटू दे, या वयात काय व्हायचंय? तिच्यावर उलटलं तर?"

मला यावर विनोद सुचला नाही. ही घटना दुर्मीळ आहे म्हणून नोंदवते.

सरांनी ऐकलं आणि ते पेटले. दुसऱ्या दिवशीचा अग्रलेख त्यांच्या आयुष्यातल्या चांगल्या अग्रलेखांपैकी एक होता. जबरदस्तीनं घेतलेला शब्द हा शब्दच नव्हे, ओटी हा बाईचा मान आहे आणि त्यात मताचा सौदा घालणं हा त्या मानाचा अपमान आहे, असं सगळं. मी वाचताना दोनदा टाळी वाजवली. सरांनी मावशींना बसवून स्वतः वाचून दाखवला. मावशींनी शेवटपर्यंत ऐकला. म्हणाल्या, "छान लिहिलंय साहेब." आणि तो अंक घरी घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी त्यांना सहज विचारलं, वाचला का परत?

"नारळ गुंडाळून ठेवलाय त्यात. झुरळं फिरतात ओ फळीवर."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मावशींनाच दया आली. "रागावू नका साहेब. पण तुमचे हात नव्हते ना त्या नारळावर."

मग मी माझी योजना मांडली. माझं मूळ गाव कोकणात. लहानपणी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालताना ऐकलेलं मला सगळं पाठ होतं. देवापुढे उभं राहून खणखणीत आवाजात मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. मी टेबलाला टेकून तिथेच सुरू केलं, "बा देवा महाराजा! मोहन्याच्या चाळीतल्या लेकीबाळींकडून नकळत जो शब्द गेला असेल..." पानं लावणाऱ्या ऑपरेटरनं संगणकामागून 'होय महाराजा' म्हटलं. मी म्हटलं, सर, चाळीत जाऊन एक गाऱ्हाणं घालते, देवीलाच साकडं घालून शपथ सोडवून घेते. अर्ध्या तासाचं काम आहे. साडी माझी मी आणीन.

सरांनी चष्मा काढला. हे वाईट लक्षण.

"म्हणजे भाऊनं देवीला कामाला लावलं तर तो वाईट, आणि तुम्ही लावलंत तर चांगलं?"

"सर, चांगल्या कामासाठी..."

"तोही हेच म्हणतो, बाई. उद्या मावशी तुमचं ऐकून मत देतील. मग त्यांचं मत झालं कुठे? तुमच्या आवाजाचं झालं."

माझ्या आवाजाला इतकी मोठी दाद कधी मिळाली नव्हती, पण बोलणं मुद्द्याचं होतं. मी खाली बसले.

मावशी दारात कपबशा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "साहेब, मोठं काही नको. तुमची ती चौकट आहे ना? पाण्याचं चुकलं तर दुसऱ्या दिवशी छापता, चुकलं होतं म्हणून. मग लोक मानतात. माझंही चुकलंय. माझं छापा की."

सरांना ते आवडलं, हे डोळ्यांत दिसलं. पण गणिताचे मास्तर. "मावशी, दुरुस्ती आपण छापलेल्या चुकीची होते. तुमची चूक आपण छापलेली नाही."

इथे मला माझीच एक चूक आठवली. मी उठले, फाइलमधून मागच्या आठवड्याचा अंक काढला, पान तीन उघडलं आणि सरांच्या समोर ठेवलं. खालच्या बाजूला सात ओळी होत्या. भाऊंच्या कार्यालयातून मोबाइलवर आलेला मजकूर, जसाच्या तसा. 'प्रभागातील असंख्य भगिनींनी श्रीफळ हाती घेऊन भाऊंच्या पाठीशी उभे राहण्याची उत्स्फूर्त शपथ घेतली.' मी त्यात फोटोची ओळ नीट केली होती, एक स्वल्पविराम घातला होता आणि बातमी सोडून दिली होती. त्या दिवशी सर बायकोला घेऊन टिटवाळ्याला गेले होते. म्हणजे धर्म आणि राजकारणावर रोज तोफ डागणाऱ्या पेपरानं हीच बातमी छापली होती, आणि ती माझ्या हातून गेली होती.

मी मान खाली घालून उभी राहिले. थोडी जास्तच खाली घातली, सवय.

सरांनी सात ओळी दोनदा वाचल्या. मग हसायला लागले. इतके, की खिशातलं लाल पेन खाली पडलं.

"बाई, बारा वर्षांत पहिल्यांदा तुमची चूक कामाला आली. 'उत्स्फूर्त' हा शब्द खरा का ते तपासा. हजर असलेल्या तीन बायकांशी बोला. मावशी सोडून. मग दुरुस्ती लिहा."

मी फोन लावले. पहिली म्हणाली, "ताई, माइकवरून म्हणायला लावलं, माझं नाव नका घालू." दुसरीचंही तेच. तिसरी मावशींच्या समोरच्या खोलीत राहणारी, बौद्ध समाजातली, हळदीकुंकवाला वाणाच्या डब्यासाठी गेलेली. ती हसत म्हणाली, "म्हणायला लावलं, खरंय. मी ओठ हलवले नुसते. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ओ, त्यात भाऊंचं नाव नव्हतं. नारळाची तर मी तिसऱ्याच दिवशी चटणी केली." मी हे मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "तिचं बरं आहे. तिचे नियम लिहिलेले तरी आहेत."

दुरुस्ती गेली. हळदीकुंकवाच्या बातमीत 'भगिनींनी उत्स्फूर्त शपथ घेतली' असं छापलं होतं, ते चूक आहे. हजर महिलांच्या म्हणण्यानुसार ओटी भरल्यावर माइकवरून त्यांना शपथ म्हणायला लावण्यात आली. देवाधर्माच्या नावानं मत मागणं कायद्यात बसत नाही. तपासून न घेता छापल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला भाऊ हजर. बरोबर दोन कार्यकर्ते. सर म्हणाले, "त्यांना खाली उभं कर, इथे खुर्च्या तीनच आहेत." कार्यकर्ते खाली गेले. भाऊ वाकून सरांच्या पाया पडले, कारण शाळेत ते सरांच्या वर्गात होते. कल्याणात पन्नाशीचा माणूस सरांच्या हातचा मार न खाता मोठा झालेला सापडणं कठीण.

"सर, हे काय छापलंत? विरोधकांनी याचा कागद करून वर पाठवला तर माझा अर्ज उडेल."

"चूक असेल तर तुलाही चौकट मिळेल. काय झालं होतं तिथे?"

"हळदीकुंकू. ही दर वर्षी करते."

"नारळ?"

"ओटीत नारळ नाही घालायचा तर काय बटाटा घालायचा सर?"

मला हसू आलं. माणूस हजरजबाबी होता, हे मान्य करायला हवं. कदाचित म्हणूनच निवडून यायचा.

"आणि शपथ?"

"कसली शपथ? बायका प्रेमानं काहीतरी म्हणाल्या असतील."

"म्हणजे शपथ नव्हती."

"नव्हती."

"नारळाचा आणि मताचा संबंध नाही."

"काडीचा नाही."

"लिहून दे."

भाऊंच्या खिशातून पेन निघालं, पण कागदाला टेकेना. त्यांच्या चेहऱ्यावर गणित चाललेलं मला स्पष्ट दिसत होतं. शपथ होती म्हणावं तर कायदा आडवा. शपथ नव्हती म्हणावं तर चाळीतला प्रत्येक नारळ मोकळा. सर खिडकीबाहेर बघत होते. पेपर तपासताना वर्गात ते असेच बघायचे म्हणे.

भाऊंनी एक सुस्कारा सोडला आणि स्वतःचं लेटरहेड काढून लिहायला लागले.

"पूर्ण वाक्यात लिही," सर न वळता म्हणाले. "आणि नारळ कशासाठी दिला होता तेही."

"कशासाठी म्हणजे? खायला."

"मग तसं लिही."

भाऊंनी तसं लिहिलं. सही केली, शिक्काही मारला, शिक्का त्यांच्या पाकिटातच असतो. उठताना म्हणाले, "शाळेत पण तुम्ही असंच पकडायचात."

"शाळेत तू शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहायचास. आज स्वतःचं लिहिलंस. पैकीच्या पैकी."

भाऊ मनापासून हसले. जिन्यात त्यांना मावशी भेटल्या, हातात चहाचा ट्रे. त्या केव्हापासून तिथे उभ्या होत्या देव जाणे, चहावर साय धरली होती. भाऊंनी त्यांना नमस्कार केला. निवडणुकीत माणूस सगळ्यांनाच करतो.

"झालं मावशी," मी नाचायचीच बाकी होते. "त्यानंच लिहून दिलं! शपथ नव्हती!"

"छापून येऊ दे," मावशी म्हणाल्या आणि चहा गरम करायला परत गेल्या.

त्या दिवशी चौकट काडेपेटीएवढी राहिली नाही. भाऊंचं पत्र लेटरहेड, सही, शिक्क्यासकट जसंच्या तसं छापलं. 'आमच्याकडील हळदीकुंकवात कोणतीही शपथ घेण्यात आलेली नाही. ओटीतील नारळाचा मतदानाशी काहीही संबंध नाही. सदर नारळ घरी नेऊन खाण्यासाठी दिला होता.' चार वाजता मावशींनी अंक उचलला. अक्षर अक्षर जुळवत वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघितलं नाही. घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "तू चल. मी वाचलं तर म्हणतील म्हातारीनं मनचं घातलं. तुझा आवाज चांगला आहे."

सर ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. "जा," ते म्हणाले. "पण छापलंय तेवढंच वाचायचं. पदरचं एक अक्षर नाही."

कलावंताला यापेक्षा क्रूर शिक्षा नाही.

साडेपाचला आम्ही मोहन्याला पोचलो. चाळीच्या ओट्यावर बायका निवडण-टिपण घेऊन बसल्या होत्या. मी उभी राहिले, पदर खोचला, श्वास घेतला आणि वाचलं. फक्त छापलेलं. पण 'खाण्यासाठी' या शब्दाआधी मी जो थांबा घेतला, तो आयुष्यातला सर्वोत्तम होता. तो कुठे छापलेला नव्हता, पण ते अक्षरही नव्हे.

कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी पुढे आली, पेपर माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"सही त्याचीच का?"

"अहो आजी, शिक्का आहे."

"शिक्का कुणीपण करतो. थांब."

ती आत गेली आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत रेशनकार्ड, विजेचं बिल, आणि रहिवासी असल्याचा दाखला, भाऊंच्या सहीचा. मग दुसरी उठली. तिसरी उठली. बघता बघता ओट्यावर दाखल्यांचं प्रदर्शन भरलं. पाच वर्षं बँकेत, शाळेत, गॅसच्या ऑफिसात भाऊंच्या सहीची पत्रं दाखवून दाखवून चाळीला ती सही स्वतःच्या सहीपेक्षा जास्त पाठ होती. चार डोकी पेपरवर वाकली.

"हे बघ, शेपटीला गाठ मारतो तो. इथे पण आहे."

"आणि खाली दोन टिंबं."

"टिंबं आहेत ना?"

"आहेत गं. त्याचीच आहे मेल्याची."

समोरच्या खोलीतली ती चटणीवाली दारात उभी राहून म्हणाली, "बघा, मी आधीच खाल्ला. माझं चुकलं नाही." "तू गप गं," चार बायका एकदम म्हणाल्या, पण हसत.

मावशी आत गेल्या. फळीवरून नारळ काढला, सरांच्या अग्रलेखातून सोडवला. अग्रलेख नीट घडी करून बाजूला ठेवला, तेवढा मान राखला. देव्हाऱ्यासमोर क्षणभर थांबल्या. "खायला दिलेला, त्यानंच लिहिलंय," त्या देवीला म्हणाल्या, शेजारणीला सांगावं तसं. मग मोरीच्या दगडावर नारळ आपटला. पाणी वाटीत धरलं. दोन्ही वाट्या उजेडाकडे धरून आत निरखून पाहिलं. आम्ही सगळ्या दारात मान उंचावून.

"काय आहे?" म्हातारीनं विचारलं.

"काय असणार?" मावशी म्हणाल्या. "खोबरं."

पलीकडच्या खोलीतून ठक्क असा आवाज आला. मग वरच्या मजल्यावरून. मग एकापाठोपाठ एक, पूर्ण चाळीत. दोन आठवडे अडून बसलेले नारळ फुटत होते. मावशींनी मोबाइल कानाला लावला, "अगं, ते मिटलं हां. आता तू नीट झोप. काही नाही, सांगीन नंतर. खोबरं पाठवते उद्या." मुलीला कदाचित कळलंही नसेल की काय मिटलं. तिला आईनं शपथेतलं काही सांगितलेलंच नव्हतं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मावशी बोटावरची शाई मिरवत आल्या. मी काडी टाकली, "कुणाला दिलंत मावशी? मला तरी सांगा."

"गुप्त असतं ते. साहेबांनी लिहिलंय तसं."

सर केबिनमधून म्हणाले, "विचारू नका हो बाई." पण खुशीत होते.

निकाल लागला. भाऊ निवडून आले. मी दिवसभर तोंड पाडून हिंडत होते, मला शोकांतिका फार छान जमते. सर बातमी लावत होते, नेहमीपेक्षा एक ओळ जास्त देत होते.

"सर, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. छान वाटतं. मी त्याला पाडायला बसलो नव्हतो. लोकांना तो हवा असेल तर असू दे. त्यानं पाणी आणलं असेल, दाखले दिले असतील. देवीच्या भीतीनं नको, एवढंच होतं. ते झालं."

महिन्याभरानं मावशी दोन दिवस रजेवर गेल्या आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या. तोच, रबराच्या झाकणाचा, वाणाचा. टिटवाळ्याला मुलगी झाली होती, आई आणि बाळ दोघीही ठणठणीत. डब्यात नारळाच्या वड्या होत्या, वेलदोडा घातलेल्या, काही चौकोनी, काही घाईत कापलेल्या. मावशींनी डबा सरांच्या पुढे धरला.

सरांचा हात निम्म्यात थांबला. बारा वर्षांची सवय. "प्रसाद आहे का, मावशी?"

"नाही साहेब. खायला आहे."

सरांनी दोन वड्या घेतल्या, डोळे मिटून खाल्ल्या आणि अग्रलेखाला बसले.

दुरुस्ती: वरच्या मजकुरात सरांनी दोन वड्या खाल्ल्या असं लिहिलं आहे, ते चूक आहे. त्यांनी तीन खाल्ल्या. त्यांना गोड वर्ज्य असल्यामुळे घरी कळू नये म्हणून त्यांनी मला एक कमी सांगायला लावलं होतं. तपासून न घेता छापल्याबद्दल मी दिलगीर आहे.